वैष्णवीच्या शाळा

मे महिन्यात मी निवृत्त झाले. कपाटाचा चार्ज देताना जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा निघाला आणि त्यात वैष्णवीचे पाचवीचे पेपर सापडले. भाषा, गणित, परिसर, सगळे. गणितात पन्नासपैकी शेहेचाळीस. माझ्याच हातचे लाल शेरे. शाळेच्या नावाच्या रकान्यात मात्र आमच्या शाळेचं नाव नव्हतं. तिथं तिनं नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘वाघदरा, जि. बीड’.

कोल्हापूरकडचं आमचं गाव उसाचं. दिवाळी झाली की बीडकडून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात आणि ओढ्याकाठी त्यांच्या खोपी पडतात. त्यांची पोरं वाड्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधतात, लहान भावंडं सांभाळतात. त्यातली ही एक मुलगी एका हिवाळ्यात आपण होऊन शाळेच्या दारात आली आणि म्हणाली, ‘‘बाई, मी तिसरीला हाय. बसू का?’’ मी म्हटलं, बस. असे तीन हिवाळे ती बसली. तिसरीत, चौथीत, पाचवीत. आमच्या पोरांबरोबर तिनं पेपर दिले, मी तपासले. एप्रिलच्या शेवटी टोळी गेली की तीही जायची. चौथ्या हिवाळ्यात ती टोळी आमच्याकडं आलीच नाही.

मला वाटलं, हे पेपर तिला नेऊन द्यावेत. खूश होईल. आता वेळच वेळ होता. दसऱ्याला पंधरा दिवस होते आणि टोळ्या अजून घरी होत्या. मी बीडची एसटी धरली.

वाघदरा

तेलगावला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. तिथून वाघदऱ्याकडं टमटम जाते. टमटममध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. तिनं मला कुठून आले, कुणाकडं चालले, मूलबाळ किती, सगळं विचारलं आणि मी कोल्हापूरची म्हटल्यावर पाटीतलं एक फळ माझ्या हातात ठेवलं. ‘‘आमच्या डोंगराचं हाय. तिकडं मिळत न्हाई असलं,’’ म्हणाली. खरंच मिळत नाही. तळहातावर फुटलं इतकं पिकलेलं होतं. मी बिया टाकायला कागद शोधत होते, तिनं हसून रस्त्याकडं बोट केलं.

आमच्याकडं डोळ्यांना हिरव्याची सवय. इथं बालाघाटच्या डोंगराची रांग, मध्ये मध्ये कापसाची पांढरी झालेली रानं, सोयाबीनची काढणी, आणि दगड. दगड इतके, की बांधसुद्धा त्यांचेच. बायका रानात वाकलेल्या होत्या. रस्त्याकडेला जागोजागी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धुऊन-पुसून उभ्या केल्या होत्या. म्हातारी म्हणाली, ‘‘जायची तयारी हाय ती.’’

वैष्णवीचं घर वरच्या वस्तीवर, हे मला माहीत नव्हतं. टमटमवाल्यानं खालच्या गावात उतरवलं. कुणाला विचारावं म्हणून बघितलं तर समोर शाळाच होती. मास्तरकी केलेल्या माणसाचे पाय आपोआप वळतात, तसे माझे वळले.

शाळा देखणी होती. भिंतींवर पाढे रंगवलेले, आवारात शेवग्याची झाडं, एका वर्गात मोठा टीव्ही. पोषण आहाराच्या खोलीतून खिचडीचा वास येत होता. मुख्याध्यापक भागवत सर पन्नाशीचे, उंच, मनमोकळे. मी शिक्षिका होते म्हटल्यावर त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

आम्ही दोघांनी मग शाळा मोजायला सुरुवात केली, शिक्षक भेटले की होतं तसं. मी सांगितलं, आमच्याकडं छत गळलं तर गावची पुण्यात असलेली पोरं पत्रे पाठवतात. पालकसभेला बसायला जागा पुरत नाही. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडं पालकसभा दिवाळीच्या आधी घ्यावी लागती. नंतर गावात म्हातारी माणसं आन् कुत्री. मी ऑफिसात नवीन बाकडी मागायला गेलो की साहेब विचारतेत, सर, शाळेच्या फोटोत पोरं दिसंनात. काय सांगू? पोरं तुमच्या कोल्हापूरला हायत, सांगू?’’

ते हसले. मीही हसले. मग मी पिशवीतून पेपर काढले आणि वैष्णवीचं नाव सांगितलं.

भागवत सर हसायचे थांबले. त्यांनी पेपर घेतले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळले, माझी सही बघितली, तारीख बघितली.

‘‘हे कुठं होते?’’

‘‘आमच्या कपाटात.’’

त्यांनी उठून एक लांबरुंद रजिस्टर काढलं. आम्ही ज्याला जनरल रजिस्टर म्हणतो त्याला इकडं प्रवेश-निर्गम म्हणतात. त्यांनी पान काढून माझ्यापुढं सरकवलं. वैष्णवीच्या नावावर लाल शाईची रेघ होती. शेऱ्यात ‘सतत गैरहजर, पटावरून कमी’.

‘‘चौथीपतूर वरच्या वस्तीवर होती. पाचवीला हितं आली. पाचवीची वार्षिक परीक्षा द्यावीच लागती आता. ती तर तुमच्याकडं. जूनात फेरपरीक्षा घेतली, तर त्याच आठवड्यात तिच्या आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन. पोरगी दवाखान्यात. मंग पाचवीतच बसवली परत. वस्तीवर जेंना हिनं पाढे शिकवले, तेच पोरं पाचवीत आले. त्यांच्या बाकड्यावर बसवली. बसली दोन महिने. मंग यायची बंद झाली.’’

मी रजिस्टर परत त्यांच्याकडं सरकवलं.

‘‘मॅडम, तुमच्याकडून एक कागद जरी आला असता, की ही पोरगी आमच्या शाळेत बसली, पेपर दिले, पास झाली, तर म्या डोळे झाकून सहावीत घातली असती. बाहेरगावच्या पोरांसाठी कार्ड असतंय की तुमच्याकडं. ते भरलं न्हाई का?’’

कार्ड होतं. दरवर्षी यायचं. स्थलांतरित मुलांची नोंद करा, कार्ड भरा, मूल परत गेलं की त्याच्या हातात द्या. मी भरत नव्हते. नोंद केली की मूल पटावर येतं, मध्येच निघून गेलं की हजेरीची सरासरी पडते, मग तपासणीला उत्तरं द्या. त्यापेक्षा बसू द्यावं, शिकवावं. तीन वर्षं मला वाटत होतं की मी त्या मुलीवर माया करते आहे. माया होतीच. पण कागदावर त्या मुलीला मी कुठंच ठेवलं नव्हतं. आमच्या पटावर ती नव्हती, आणि आमच्याकडं होती म्हणून इथं गैरहजर होती.

चहा आला. मला तो पिववेना, पण भागवत सरांनी ‘‘घ्या, मॅडम’’ म्हटलं ते इतक्या मऊ आवाजात की घेतला. ते म्हणाले, ‘‘अजून येळ गेली न्हाई. वयानुसार सातवीत बसवता येतं. हे पेपर तिला दाखवा, मंग लावतो मी. तिला फकस्त आणा. माझं ऐकत न्हाई ती. तुमचं ऐकंल.’’

वरची वस्ती

वस्ती तीन किलोमीटर वर. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी एक पाय घासत चढले. ओढा आडवा आला, गुडघ्याखाली पाणी होतं. पलीकडून येणाऱ्या एका बाईनं न बोलता माझा हात धरून मला पार केलं. वरून हाक आली, ‘‘अगं माय! बाई!’’ हाक मारणारी मंगल होती, वैष्णवीची आई.

मंगल माझ्या आठवणीतल्या मंगलच्या निम्मी उरली होती. चेहरा ओढलेला, चालताना एक हात पोटावर. पण तिनं अंगणात बाज टाकली, पाय धुवायला पाणी दिलं, माझी चप्पल घेतली आणि दाभणानं शिवायला बसली. ‘‘राहू दे गं,’’ म्हटलं तर म्हणाली, ‘‘आमच्या दारात आलाव तुमी. बसा गप.’’

संध्याकाळी तिनं येसराची आमटी केली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडायचं, वर फोडणी. बाजरीची भाकरी त्यात कुस्करून खायची. आमच्या तांबड्या रश्श्याइतकं झणझणीत, पण अंगावर येत नाही. मी दोनदा मागून घेतलं. खाता खाता ध्यानात आलं की मंगलची खोप तीन हिवाळे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि मी तिथं एकदाही पाणी प्यायला गेले नव्हते.

वैष्णवी कापूस वेचायला गेली होती, ती अंधार पडता पडता आली. माझ्या डोक्याएवढी उंच झालेली. मला बघून दारातच थांबली. ‘‘बाई, तुमी? कावून आलाव इतक्या लांब?’’ मग पाया पडली आणि चुलीकडं गेली ती बाहेर आलीच नाही. तिची धाकटी बहीण गौरी, दुसरीतली, माझ्याजवळ येऊन बसली. तिनं मला वीसपर्यंतचे पाढे ऐकवले. कुठंही अडखळली नाही. ‘‘कोणी शिकवलं?’’ विचारलं तर चुलीकडं बोट केलं.

सकाळी गौरीबरोबर वस्तीची शाळा बघायला गेले. एक खोली, पुढं ओसरी, पत्र्यावर दगड ठेवलेले. टीव्ही नाही, शेवगा नाही. पटावर नऊ मुलं. शिक्षिका एकच, ज्योती मॅडम, तिशीची. रोज तेलगावहून स्कूटीनं यायची आणि ओढा आला की स्कूटी अलीकडं लावून चालायची.

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यावर टिकल्या चिकटवल्या होत्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, काही खाली कर्नाटकात. मला आधी कळलं नाही. ज्योती म्हणाली, ‘‘पोरांचे माय-बाप कुठल्या कारखान्याला जातेत, त्या टिकल्या आहेत. आजीजवळ राहिलेली पोरं रडायला लागली की नकाशाजवळ नेते. सांगते, हे बघ, तुझी माय इथं आहे.’’ एक मुलगी उठली, आमच्या गावाजवळच्या टिकलीवर बोट ठेवून मला म्हणाली, ‘‘तुमी हितल्या का? मंग तुमी माझ्या मायला वळखत असाल.’’

मी ओळखत नव्हते.

ज्योतीनं मला एक तास घ्यायला सांगितला. मी गोष्ट सांगितली, गणितं घातली. चाळीस वर्षं नाही पण पस्तीस तरी वर्गात काढली आहेत, सांगते ते खरं मानावं. आमच्या सुबत्तेच्या शाळेत, खालच्या रंगवलेल्या शाळेत आणि या दगड ठेवलेल्या पत्र्याखाली, पोरांच्या डोक्यात काही फरक नव्हता. फरक इतकाच होता की इथल्या बाईंना प्रत्येक मूल सकाळी काय खाऊन आलं हे ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत ज्योतीनं टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. पट कमी म्हणून ही शाळा खालच्या शाळेत मिसळायची होती.

‘‘पोरं जातील खाली?’’ मी विचारलं.

‘‘पहिली-दुसरीची पोरं, ओढा ओलांडून, तीन किलोमीटर? आजी-आजोबा कोण सोडणार? माय-बाप मला सरळ म्हणाले, मॅडम, शाळा बंद झाली तर पोरं संगंच नेतो उसाला.’’ तिनं पत्राची घडी घातली. ‘‘तुम्ही खालची शाळा बघितलीत ना? चांगली आहे. सर चांगले आहेत. कागदावर बघितलं तर तिकडंच जावं असं कुणीही म्हणेल.’’

कापसाच्या रानात

दुपारी मी वैष्णवीला गाठलं. ती एकटीच एका ओळीत वेचत होती, पोटाला बांधलेली ओटी कापसानं फुगलेली. मी पेपर तिच्या हातात दिले.

तिनं हात ओढणीला पुसले आणि उभ्या उभ्या सगळे वाचले. एकेक प्रश्न, एकेक उत्तर. एका जागी खुदकन हसली. ‘‘हितं हातचा इसरले बगा.’’ मग शेवटचं पान उलटून म्हणाली, ‘‘म्हंजी मी पास झालते?’’

‘‘झाली होतीस. पहिली आली असतीस.’’

‘‘तुमी सांगितलं न्हाई.’’

‘‘नाही सांगितलं. कळवलंही नाही. माझी चूक झाली, वैष्णवी.’’

इतक्या वर्षांत मी कुठल्याच मुलाला असं म्हटलं नव्हतं. ती गोंधळली, खाली बघून एक बोंड सोलत राहिली. मी घाईघाईनं भागवत सरांचं सांगितलं. सातवीत बसता येईल. टोळी गेल्यावर मागं राहिलेल्या पोरांच्या जेवण्या-राहण्याची सोय गावात होते. तेही नको असेल तर माझ्या घरी चल, आमच्या शाळेत शीक, मी एकटीच असते. मी बोलत होते, ती ऐकत होती. सगळं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली,

‘‘नाव घालू नका, बाई.’’

‘‘का गं?’’

‘‘घातलं की परत लाल रेघ मारतेत. हजेरीला माझं नाव आलं की पोरं वरडायचे, ऊस तोडाया गेली, ऊस तोडाया गेली. गेल्या साली म्या इथं नव्हते, पर मला कळायचं. रोज अकरा वाजले की वाटायचं, आता वरडत असतील.’’

‘‘पण आता तू जाणारच नाहीस ना?’’

‘‘जाणार हाय.’’ तिनं डोळे वर केले. ‘‘मायला मोळी उचलत न्हाई. डाक्टरनं वजन नको म्हणून सांगितलंय. गेल्या साली मी उचलायचे. मी हितं शाळेत बसले, तर माय उचलंल. ती कुणाचं ऐकत न्हाई.’’

तेरा वर्षांच्या पोरीला मी काय सांगणार होते? आईची काळजी करू नकोस, अपूर्णांक शीक?

थोडा वेळ आम्ही दोघींनी मिळून कापूस वेचला. बोंडांची टोकं टोचतात. माझ्या बोटांतून रक्त आलं, तिच्या बोटांना काही होत नव्हतं. ओळ संपत आली तेव्हा ती म्हणाली, ‘‘यंदा टोळी तुमच्याकडं यायलीय परत. गौरी पण येईल, शाळा बंद झाली तर. तिचं नाव लिवताल का? नुसतं बसवू नका. लिवा.’’

‘‘लिहीन.’’

‘‘आन् जाताना कागद द्या तिच्या हातात.’’

‘‘देईन.’’

तिनं मान हलवली, पेपरांची घडी केली आणि ओटीत कापसाखाली खोलवर ठेवली. संध्याकाळी मी मंगलशीही बोलून बघितलं. ती म्हणाली, ‘‘म्या तिला लई येळा म्हणलं, तू ऱ्हा. म्या उचलते, मरत न्हाई. तर माझ्यावर वरडती. बाई, माझ्याच पोटचं लेकरू माझी माय झालंय.’’ आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

तिसऱ्या दिवशी निघाले. खाली शाळेत डोकावले. भागवत सर दारातच उभे होते. मी नकारार्थी मान हलवली आणि त्यांना कळलं. ‘‘दर साली चार-दोन असे निसटतेत,’’ ते म्हणाले. ‘‘ही निसटू नये वाटत होतं.’’

परतल्यावर

दिवाळी झाल्यावर ज्योतीचा फोन आला. शाळा मिसळली होती. नऊपैकी तीन मुलं खाली जात होती, उरलेली सहा मुलं टोळ्यांबरोबर गेली होती. तिची नेमणूक दुसऱ्या गावी झाली. खोलीला कुलूप लावताना नकाशा काढावा म्हटलं तर भिंतीचा पोपडाच निघून आला, एवढं तिनं सांगितलं.

कार्तिकात ओढ्याकाठी खोपी पडल्या. मी आमच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांना घेऊन गेले आणि त्यांच्या शेजारीच बसून सगळ्या खोपींतल्या मुलांची नोंद करून घेतली. ते कुरकुरले, सरासरीचं बोलले. मी म्हटलं, सर, हे सगळं मला पाठ आहे, लिहा तुम्ही. गौरीचं नाव दुसरीच्या हजेरीत आहे. रोज येते.

परवा सकाळी आमच्या मळ्याच्या वाटेनं जात होते. टोळी शेजारच्या उसाच्या फडात होती. वैष्णवी-गौरीचा बाप पुढं तोडत होता, मंगल उसावरचं पाचट, म्हणजे वाळला पाला, साळत होती आणि वैष्णवी मोळी बांधून डोक्यावर घेत होती. पाठीमागच्या ट्रॉलीला फळी लावलेली. ती त्या फळीवरून मोळी घेऊन चढली, टाकली, उतरली. मी बांधावर थांबले. हाक मारावी की नको कळेना.

तिनंच बघितलं. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि लांबूनच विचारलं,

‘‘मावशी, गौरी अभ्यास करती ना?’’

‘‘करते,’’ मी म्हटलं. ती हसली आणि पुढच्या मोळीकडं वळली. तीन हिवाळे, आणि परवा कापसाच्या रानातसुद्धा, ती मला बाई म्हणत होती.